सवय होते!

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या कॉलेजात सकाळी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होतो आणि त्याच आठवड्यात एखाद्या दुपारी ग्राउंडवर लाल बंब येऊन उभा राहतो. अग्निशमन सेवा सप्ताह! यंदाही आला. लेक्चर आपोआप बुडालं म्हणून आम्ही मेकॅनिकलवाले भलतेच खूष होतो. जवानांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं, फोम मारून विझवलं, मग एकेकाला बोलावून सिलिंडरची पिन कशी ओढायची ते शिकवलं. पोरांनी ब्रँच हातात धरून फोटो काढून घेतले. (ब्रँच म्हणजे कॉम्प किंवा सिव्हिल नव्हे, होजच्या तोंडाला लावतात ती नळी. तिलाही ब्रँचच म्हणतात, पण ती मिळवायला सीईटी द्यावी लागत नाही.)

हा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कापसाच्या गाठी. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं. विझवायला गेलेले ६६ जवान गेले. हे सांगायला त्या साहेबांना दोन वाक्यं लागली आणि आम्हाला ऐकायला तेवढीच. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली.

फर्स्ट इयरच्या एकानं विचारलं, "सर, आत जाताना भीती नाही वाटत?"

चाळिशीतला जवान होता. हेल्मेट काखेत धरून हसला आणि म्हणाला, "सवय होते."

टाळ्या! शिट्ट्या! मी मात्र टाळी वाजवली नाही. शहाणपणा म्हणून नव्हे. हेच दोन शब्द याच सुरात मी लहानपणापासून ऐकत आलोय.

माझा मामा २६ वर्षं एका महापालिकेच्या अग्निशमन दलात होता. फायरमन म्हणून लागला, लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाला. आम्हा भाच्यांना वाटायचं, मामा रोज आगीत उडी मारतो. खरी गोष्ट वेगळी आहे. दलात कॉल आला की त्याला ‘वर्दी मिळाली’ म्हणतात, आणि या वर्द्यांमध्ये आगी कमीच. जुलै-ऑगस्टमध्ये पडलेली झाडं. संक्रांतीला मांज्यात अडकलेली घार. अडकलेली लिफ्ट. हायवेवर चेपलेली गाडी, पत्रा कापून माणूस बाहेर काढायचा, जिवंत असो नसो. आणि विहिरी. आपल्याकडे कुणी विहिरीत, खाणीत, नदीत बुडालं की गावकरी आधी हाक मारतात ती बंबवाल्यांनाच. हे काम अभ्यासक्रमात कितव्या युनिटला असतं माहीत नाही, पण मामाच्या नोकरीत ते पहिल्या वर्षापासून होतं.

मी सहावीत असतानाची गोष्ट. त्या वर्षी मी शिकायला मामाकडेच होतो. रात्रपाळीत त्यानं एका विहिरीतून चार-पाच वर्षांची मुलगी काढली. सकाळी घरी आला, आंघोळ केली, पोहे खाल्ले आणि मला स्कूटरवर शाळेत सोडलं. वाटेत पेन्सिलींचा बॉक्सही घेऊन दिला. मला काहीही कळलं नाही. कळलं ते अकरावीत, मामीकडून. ती म्हणाली, त्या दिवसापासून घरात ओले कपडे निथळत ठेवलेले याला चालत नाहीत. दोरीवरच्या फ्रॉकमधून पाणी ठिबकायला लागलं की उठतो, पुन्हा पिळतो, पुन्हा पिळतो. त्याच्या मुलीचे कितीतरी फ्रॉक त्या पिळण्यानं फाटले. आणि रात्री अडीच-पावणेतीनला डोळे उघडतात ते उघडेच. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मी एकदा धीर करून विचारलं. उत्तर अर्थातच, "सवय होते रे."

कशाची सवय, हे मी विचारायचं राहूनच गेलं.

आता माझा मुद्दा. ‘सवय होते’ हे शौर्याचं वाक्य आहे असं आपण समजतो आणि टाळ्या वाजवतो. मला वाटतं, ते गप्प बसायचं वाक्य आहे. आणि ते त्या एकट्या माणसाचं नसतं, सगळ्या स्टेशनचं असतं. विहिरीच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनवर कुणीतरी मामाला म्हणालं होतं, "काय, पाणी गोड होतं का?" सगळे हसले. मामाही हसला. हा किस्सा त्यानं स्वतःच मला सांगितला, हसत. मी त्या विनोद करणाऱ्याला दुष्ट म्हणणार नाही. असल्या विनोदावरच ती माणसं चालतात, डॉक्टर लोकही म्हणे असंच करतात. पण ज्याला त्या दिवशी हसू येत नाही, त्यानं कुठं जायचं?

आपल्या भाषेत सांगतो. धुरात शिरताना जवान पाठीवर बीए सेट घेतो, म्हणजे श्वासाचा सिलिंडर. सहा लिटरचा सिलिंडर, दाब ३०० बार. गुणाकार करा, साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर पाऊण तास. पण अंगावर वीस-बावीस किलोचं सामान घेऊन जिने चढताना माणूस त्याच्या दुप्पट ओढतो, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी आपोआप वाजते. माणूस अर्धा मिनिट हलला नाही तर दुसरा भोंगा वाजतो. शिवाय बाहेर एक जण बोर्ड घेऊन उभा. कोण आत गेला, किती वाजता, किती दाबावर, सगळं बोर्डावर. वेळ झाली की तो बाहेरून ओढून काढणार. आत जाणाऱ्याला ‘तुला दम लागलाय का?’ असं कुणी विचारत बसत नाही. कारण आतला माणूस नेहमी ‘नाही’ म्हणतो, हे पद्धत बसवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं! त्याच्या शब्दावर विसंबायचंच नाही, असं ठरवून ती पद्धत केलीय. मला तर हे इंजिनिअरिंग फार आवडतं.

मग हेच डोकं बाकीच्या बाबतीत का चालत नाही? इमारतींसाठी आपल्या राज्यात २००६ चा कायदा आहे. आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. मामाला २६ वर्षांत असं सहामाही कुणी तपासलं नाही. वजन, उंची, डोळे पाहिले ते भरतीच्या वेळी.

आकडे हवेत? अमेरिकेत २००७ साली एक मोठा अभ्यास आला. ड्यूटीवर हृदयविकारानं गेलेल्या जवानांपैकी सुमारे ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना गेले, आणि त्या कामात त्यांचा वेळ जातो तो एकूण वेळेच्या जेमतेम १ ते ५ टक्के. झोपेतून खडबडून उठायचं आणि दोन मिनिटांत शंभर टक्के लोडवर जायचं. कुठलंही इंजिन असं रोज चालवलं तर सर आपल्याला व्हायवात काय म्हणतील? त्याच देशात २०१७ साली कामाच्या दरम्यान ९३ जवान गेले आणि ज्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं त्यांची नोंद झालेली संख्या १०३ होती. स्मारकावर नावं लागतात ती पहिल्या यादीतली.

आपल्याकडेही स्मारकं आहेत, आणि असायलाच हवीत. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या जुन्या इमारतीची आग विझवताना मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. दोघं ढिगाऱ्याखाली, दोघं पुढे रुग्णालयात. त्यात खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. दलाचा प्रमुख स्वतः पुढे जातो, ही त्या नोकरीची शान आहे, त्याबद्दल मला बोलायचं नाही. पण या शानीच्या सावलीत ‘मला झोप येत नाही’ एवढं क्षुल्लक वाक्य बोलायची कुणाची हिंमत होणार?

एवढं लिहून झाल्यावर रूममेट म्हणाला, "तुझा मामा आहे म्हणून तू लिहितोयस. हॉस्टेलच्या पोरांना याच्याशी काय देणंघेणं?" त्यावर मी त्याला फायर स्टेशनचं वर्णन वाचून दाखवलं. एका छपराखाली वीस-पंचवीस माणसं. एकाच हॉलमध्ये खाटा. कॉमन मेस, कॉमन टीव्ही, कॉमन बाथरूम. सीनियर-ज्युनिअर. नवीन आला की त्यानं चहा आणायचा, गाडी धुवायची. प्रत्येकाला टोपणनाव. तो म्हणाला, "हे तर आपलंच हॉस्टेल!" मी म्हटलं, तेच तर.

आणि म्हणूनच लंडनची गोष्ट सांगायला हवी. २०२० च्या ऑगस्टमध्ये लंडन अग्निशमन दलातल्या २१ वर्षांच्या एका शिकाऊ जवानानं आत्महत्या केली. तो कृष्णवर्णीय होता. घरून डब्यात कॅरिबियन पद्धतीचं जेवण आणायचा, त्यावरून स्टेशनवर त्याची टिंगल होत असे. त्याला दुसऱ्या स्टेशनला जायचं होतं आणि बदलीसाठी त्यानं सोळा वेळा अर्ज केला होता. सोळा! त्यानंतर दलानं नझीर अफझल या माजी सरकारी वकिलांना चौकशी करायला सांगितली. दोन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी आपापले अनुभव सांगितले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अहवाल आला. एका कृष्णवर्णीय जवानाच्या लॉकरवर फास टांगलेला. एका मुसलमान जवानाच्या खिशात डुकराचं मांस कोंबलेलं. बायकांना काय काय ऐकावं लागलं ते आपल्या मासिकात छापता येणार नाही. अफझल यांनी दल संस्था म्हणूनच वंशद्वेष्टं आणि स्त्रीद्वेष्टं असल्याचं लिहिलं, आणि दलाच्या प्रमुखांनी ते मान्य केलं. लक्षात घ्या, हीच माणसं दुसऱ्यासाठी आगीत शिरतात. भित्री नाहीत, आळशी नाहीत. आणि करणाऱ्यांच्या मते ही सगळी थट्टाच होती.

आता जे लिहितोय ते लिहावं की नाही, यावर दोन दिवस घालवले. गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला एक मुलगा होता. घरून येताना कडक भाकरी आणि जवसाची चटणी आणायचा. खोलीभर वास. त्याचं नाव पडलं ‘जवस’. ते नाव कुणी पाडलं? मी. चांगलं वाजलं, लगेच रुळलं. मेसमध्ये, क्रिकेटमध्ये, जर्नलवरसुद्धा कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं. तो हसायचा. त्यानं रूम बदलून मागितली, तीनदा. कारण लिहिलं, ‘अभ्यास होत नाही’. आम्ही म्हटलं, अभ्यास कुणाचा होतो? सेम अर्धं असताना त्यानं हॉस्टेल सोडलं. आता तो एसटीनं अप-डाऊन करतो, जाऊन-येऊन चार तास. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, दरवर्षी आपण सगळे प्रतिज्ञापत्र भरतो, मीही भरलं होतं. त्यात ‘चटणी’ हा शब्द कुठं नव्हता. लंडनच्या मुलाच्या डब्याबद्दल वाचताना मला पहिल्यांदा आमचा जवस आठवला. त्याचं खरं नाव आठवायला मात्र क्षणभर लागलं, हे जास्त लागलं.

या सगळ्याला ‘टफ’ व्हायचं ट्रेनिंग म्हणतात. त्यावर आणखी एक उदाहरण देतो, ते वर्कशॉपवाल्यांना लगेच पटेल. आपल्याकडे बॉयलर सूट जितका काळा तितका माणूस पोहोचलेला. स्वच्छ सूट घातलेला म्हणजे नुसता बघ्या! जवानांतही तसंच. हेल्मेट काजळलेलं, कोटाला धुराचा वास, म्हणजे हा खरा. मामाचा कोट घरी दाराच्या मागे अडकवलेला असायचा आणि मामी तो आमच्याच कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवायची. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अग्निशमन जवानाचं काम पहिल्या गटात टाकलं, म्हणजे नक्की कर्करोग होऊ शकतो अशा गोष्टींच्या गटात. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस आहेत त्याच यादीत. काजळी ही शान नाही, विष आहे. स्टेशनवर एक मोठं धुलाई यंत्र आणि प्रत्येकाला कोटाचा दुसरा जोड, एवढ्यानं किती फरक पडेल! पण धुतलेला कोट घालून उभं राहायची लाज वाटत असेल तर यंत्र गंजत पडणार. इथे यंत्र आणि रिवाज दोन्ही बदलावे लागतात, आणि आपण इंजिनिअर लोक पहिलं विकून मोकळे होतो.

मग उपाय काय? ‘समुपदेशक नेमा’ हे लिहायला सोपं. मीही आधी तेच लिहिलं होतं. पण वाचलं तसं कळलं की प्रकरण इतकं सरळ नाही. १९८३ च्या सुमारास जेफ्री मिशेल या गृहस्थांनी, जे स्वतः जवान होते, एक पद्धत सुचवली. वाईट कॉलनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवायचं आणि काय पाहिलं ते बोलायला लावायचं. जगभर पसरली. २००२ साली जुने प्रयोग एकत्र करून पाहिले तर निष्कर्ष असा, की एकदाच बसवून बोलायला लावल्यानं पुढचा त्रास टळतोच असं नाही, काहींचा तर वाढतो. म्हणजे मामाला त्या सकाळी कुणी धरून ‘बोल, बोल’ म्हटलं असतं तर तेही चुकलंच असतं. त्यापेक्षा ब्रिटिश मरीन्सची एक पद्धत मला पटते. बरोबरच्याच काही जणांना शिकवून ठेवायचं की कुणाची झोप उडालीय, कोण पिऊ लागलाय, कोण उगाच भांडतोय हे बघायचं. लगेच एकदा आणि मग महिन्याभरानं पुन्हा. बोर्ड घेऊन बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसासारखंच की हे!

माझ्या मते दोन गोष्टी तरी सक्तीच्या हव्यात. विहिरीची वर्दी झाली की पुढची विहीर त्याच माणसाकडे जाता कामा नये, त्यानं ‘मी जातो’ म्हटलं तरी. आणि कुणी डॉक्टरकडे गेला तर त्याची नोंद सर्व्हिस बुकात येता कामा नये. मामा डॉक्टरकडे का गेला नाही, याचं कारण मामीनं मला एका शब्दात सांगितलं, "प्रमोशन." शेरा बसला असता.

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण आमच्या विंगमध्ये तो आलाच. ‘असं हळवं केलं तर आगीत जाणार कोण?’ २००२ साली हर्षिनी कान्हेकर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकायला गेल्या तेव्हा तिथं त्यांच्याआधी एकही मुलगी नव्हती. तेव्हाही असंच म्हणणारे असतीलच, की मुली आल्या तर दलाचं काय होणार? त्या अग्निशमन अभियंता झाल्या, आगीत गेल्या, दलाचं काही बिघडलं नाही. पोरं मऊ होतील ही भीती प्रत्येक पिढीतल्या सीनियरांना वाटते. आम्हालाही नवीन बॅच मऊच वाटते.

असो. लेख संपवायच्या आधी परवा रात्री मामाला फोन केला. सगळं वाचून दाखवलं नाही, तेवढी हिंमत नव्हती. नुसतं विचारलं, "मामा, सवय होते म्हणतोस, ती कशाची?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "त्या विहिरीला चौदा पायऱ्या होत्या. खालच्या दोन निसरड्या." परत थांबला. "वर आलो तेव्हा तिचा बाप बाहेर उभा होता. त्यानं मला पाणी दिलं प्यायला."

मी काय बोलणार? "हं" म्हटलं. मामी मागून कुणाशी बोलतोयस म्हणून विचारत होती. तो तिला म्हणाला, "भाचा आहे, बोलू दे." आणि मग आणखी वीस मिनिटं बोलला. ते इथे लिहीत नाही.

ठेवताना नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ते तुझ्या हॉस्टेलच्या जिन्यात जुनी कपाटं ठेवली होती, मी पोचवायला आलो तेव्हा. काढली का?"

"नाही अजून."

"तुझ्या त्या रेक्टरसरांना सांग. रात्री लाइट गेली तर पोरं उतरणार कुठून?"

सांगतो म्हटलं. सर, सांगितलं.